फार्मासिस्टला खिडकीमागे बसवून हिपॅटायटिस सी जाणार नाही

हिपॅटायटिस सीच्या उपचारात फार्मासिस्टला जबाबदारीची जागा द्या, असे कुणी सुचवले की डॉक्टरमंडळींकडून एक ठरलेले उत्तर येते. "ज्या मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी न बघता अँटिबायोटिक्स विकली, त्यांच्या हाती आता लोकांचे लिव्हरही द्यायचे का?" वाक्य टाळ्या घेणारे आहे. त्यातला संताप खरा आहे आणि तक्रारीतही तथ्य आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत टाळ्या घेणारा मोजत नाही, रुग्ण मोजतो.

हा आक्षेप एकच वाटला तरी त्यात चार वेगवेगळी म्हणणी गुंफलेली आहेत. यकृताचा आजार तज्ज्ञानेच हाताळावा, हे पहिले. परदेशात जमले ते आपल्याकडे जमणार नाही, हे दुसरे. आपला केमिस्ट विश्वासास पात्र नाही, हे तिसरे. आणि चौथे, जे उघड बोलले जात नाही पण व्यवहारात सगळीकडे दिसते: गोळ्या द्यायला डोके लागते कशाला?

पहिल्या म्हणण्याला एकेकाळी मोठा आधार होता. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत हिपॅटायटिस सीचा उपचार म्हणजे दर आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन, जोडीला रायबाविरिनच्या गोळ्या, आणि हे सहा महिने ते वर्षभर. ताप, नैराश्य, रक्तातल्या पेशी घसरणे, हे सगळे सोसूनही बरे होण्याची खात्री नाही. तिथे तज्ज्ञ लागतच होता. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. तिथे १२ आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४ हजार डॉलर होती. पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि ते औषध इथे जेनेरिक रूपात बनू लागले. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, सिरॉसिस असला पण यकृत अजून तग धरून असेल तर सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर. दिवसातून एकदा, १२ आठवडे, तोंडाने. नीट घेतल्यास शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात.

उपचार सुरू करताना डॉक्टरला जे ठरवायचे असते तेही आता बरेचसे नियमांत बसते. रक्तात विषाणू प्रत्यक्ष आहे का, यकृत किती निबर झाले आहे, याआधी उपचार झाले होते का, सोबत हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्ही आहे का. यकृताच्या निबरपणाचा पहिला अंदाज वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांच्या सूत्रातून निघतो. मोठ्या शहरातल्या यकृततज्ज्ञाच्या दारात चार तास बसल्याने ते आकडे बदलत नाहीत.

हे माझे मत म्हणून सोडून देऊ नका, पुरावा बघा. मूळचे भारतीय असलेले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. तज्ज्ञांनी व्हिडिओवरून खेड्यापाड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या साध्या दवाखान्यांना मार्गदर्शन करायचे, उपचार तिथल्यांनीच करायचे. २०११ मध्ये निकाल छापून आले: विद्यापीठाच्या विशेष क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे झाले, गावाकडच्या दवाखान्यांत ५८.२ टक्के. आणि हा इंटरफेरॉनचा जमाना होता. गोळ्या आल्यावर वॉशिंग्टन डीसीत ६०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नर्स प्रॅक्टिशनर, साधे डॉक्टर आणि तज्ज्ञ यांच्या हातच्या निकालांत तज्ज्ञांची सरशी दिसली नाही. आपल्याकडे पंजाबने २०१६ पासून हेच केले. चंदीगडच्या पीजीआयचे डॉ. राधाकृष्ण धिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियनना शिकवले, आणि ४८ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत बरे होण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर निघाले.

यावर विरोधक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, की हे सारे डॉक्टर नाहीतर नर्स होते, फार्मासिस्टचे काय? त्यासाठी स्कॉटलंडमध्ये जावे लागेल. तिथे अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना मेथाडोन दिले जाते आणि ते घ्यायला माणूस जवळच्या फार्मसीत नियमित येतो. डंडीच्या संशोधकांच्या पुढाकाराने ५५ फार्मसींत तुलना झाली. निम्म्या ठिकाणी नेहमीची पद्धत: फार्मासिस्टने तपासणीचा सल्ला देऊन क्लिनिककडे पाठवायचे. निम्म्या ठिकाणी फार्मासिस्टनेच बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पुढचे उपचार मार्गी लावायचे आणि मेथाडोनच्या वेळीच हिपॅटायटिसची गोळी समोर घ्यायला लावायची. २०२० मध्ये छापलेले निकाल असे: फार्मासिस्टच्या गटात १,३६५ पैकी ९८ जण विषाणूमुक्त झाले, नेहमीच्या गटात १,३५३ पैकी ४३. टक्केवारीत सात आणि तीन. आकडे लहान वाटतात, कारण छेदात मेथाडोन घेणारे सगळेच आहेत, फक्त बाधित नव्हेत. पण त्याच गावांत, तशाच माणसांत, त्याच औषधाने दुपटीहून अधिक लोक बरे झाले. फार्मासिस्ट डॉक्टरपेक्षा हुशार होता म्हणून हे झाले नाही. रुग्ण त्याच्याकडे येतच होता म्हणून झाले.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टला ठरलेल्या चौकटीत औषध लिहिण्याचा आणि बदलण्याचा अधिकार आहे. तिथे २०१९ पर्यंत सुमारे एक लाख माजी सैनिक हिपॅटायटिस सीतून बरे झाले. हे काम एकट्या फार्मासिस्टांचे नव्हते, पण त्यांना वगळून ते झालेले नाही.

"ते स्कॉटलंड, हे सांगली-सोलापूर." हा दुसरा आक्षेप. मला तो सगळ्यात कमकुवत वाटतो, कारण त्याचे उत्तर आपल्याच सरकारी रुग्णालयाच्या आवारात उभे आहे. एप्रिल २००४ पासून आपल्याकडे एचआयव्हीची औषधे मोफत मिळतात. प्रत्येक एआरटी केंद्रात डॉक्टर आणि समुपदेशकाबरोबर फार्मासिस्टचे पद असते. रुग्णाने आणलेल्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजणे, किती चुकल्या ते कार्डावर लिहिणे, पुढची तारीख देणे, हे तिथे रोज चालते. तेही जन्मभराच्या औषधासाठी. जन्मभराची गोळी सांभाळणारी व्यवस्था महाराष्ट्रात इतकी वर्षे चालली आणि १२ आठवड्यांची गोळी मात्र झेपणार नाही, हे कुठले गणित? डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा युनिटमध्ये येतो, थॅलेसेमियाचे मूल रक्त चढवायला ठरलेल्या दिवशी येते, एआरटीचा रुग्ण औषधाला येतो. हिपॅटायटिस सीचा धोका ज्यांना जास्त, ते आधीच आपल्या रांगेत आहेत.

आता मुख्य मुद्दा. आजच्या हिपॅटायटिस सीच्या उपचारात धोका कुठे आहे? कोणती गोळी निवडायची यात तो फारसा उरलेला नाही. तो आहे रुग्णाच्या पिशवीतल्या इतर गोळ्यांत.

समजा, जिल्हा रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीवर साठीच्या एक बाई केसपेपर घेऊन उभ्या आहेत. सिरॉसिस आहे, डॉक्टरांनी सोफोसबुविर-वेल्पाटासविर लिहिले आहे. ओपीडीत डॉक्टरांनी विचारले होते, "दुसरं काही औषध चालू आहे?" त्या म्हणाल्या, "नाही." त्या खोटे बोलल्या नाहीत, या दवाखान्यातून दुसरे काही चालू नाही, एवढेच त्यांनी सांगितले. इथे नुसती बाटली सरकवणारा माणूस असेल तर गोष्ट इथेच संपते. फार्मासिस्ट असेल तर तो विचारतो, "मावशी, पित्ताची गोळी घेता का?"

"ती तर रोजच. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी."

"आणि शुगरची?"

"आहे ना. गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलीय. अर्धी सकाळी, अर्धी रात्री."

"पिशवीत आहेत का? दाखवा बघू."

या तीन प्रश्नांत काय निघाले ते पाहा. वेल्पाटासविर रक्तात शोषले जायला पोटात आम्ल लागते. सकाळची पॅन्टोप्राझोल ते आम्लच दाबते; औषध नियमाने घेऊनही अंगी पुरेसे लागत नाही, आणि १२ आठवड्यांनंतर कळते की विषाणू गेलेलाच नाही. पित्ताची गोळी शक्यतो बंद करायला हवी. अगदीच लागली तर हिपॅटायटिसची गोळी आधी जेवणासोबत, आणि पित्ताची कमी मात्रेत चार तासांनंतर. दुसरी गोष्ट साखरेची. विषाणू हटू लागला की अनेकांची साखर उतरते. आधीच्याच मात्रेत साखरेची ग्लिमेपिराइड चालू राहिली तर घाम फुटून, हातपाय कापून बाई घरी कोसळतील आणि घरचे म्हणतील, लिव्हरची गोळी सोसली नाही. उपचार तिथेच बंद.

ही यादी लांबत जाते. टीबीची रिफाम्पिसिन चालू असताना या गोळ्या देता येत नाहीत, कारण ती त्यांना शरीरात टिकूच देत नाही. ज्या राज्यात टीबी घरोघरी आहे तिथे ही पुस्तकी बाब नाही. फिटसाठीच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचे तेच. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्याला सोफोसबुविर दिले तर ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये तसा इशारा दिला. एचआयव्हीसाठी एफाविरेंझ चालू असेल तर डॅक्लाटासविरची मात्रा ६० ऐवजी ९० मिलिग्रॅम करावी लागते. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर सी हटताना बी उसळू शकतो. त्यावर २०१६ पासून ठळक इशारा आहे. रायबाविरिन द्यावे लागले तर गर्भधारणा टाळण्याचे बोलणे सुरुवातीलाच व्हायला हवे, नवऱ्याशीही. हे सगळे डॉक्टरला माहीत असते यात शंका नाही. पण गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत पिशवी उलटी करून बघायला त्याला सवड नसते. औषधांचे परस्परांशी काय होते, हे शिकलेला माणूस दहा पावलांवर खिडकीमागे बसलेला असतो, आणि त्याला आपण बाटल्या मोजायला लावतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तिसरा आक्षेप मी टाळणार नाही. महाराष्ट्रात प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुसऱ्याच गावी, असा प्रकार सर्रास चालत आला आहे. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच म्हणून मोहीम उघडली गेली, तेव्हा केमिस्टांच्या संघटनांनी किती आरडाओरडा केला हे लोक विसरलेले नाहीत. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टच देऊ शकतो, आणि तरी काउंटरवर दहावी पास पोरगा शेड्यूल एचची पाकिटे फोडतो. हा कलंक खरा आहे.

पण त्यातून सिद्ध काय होते? जिथे फार्मासिस्ट गैरहजर आहे तिथे औषधाचा बाजार होतो, हे. म्हणजे तो हजर असावा याचाच हा पुरावा झाला. गैरहजर माणसाच्या पापाची शिक्षा हजर माणसाला देऊन काय साधणार? शिवाय इथे बोलणे चालले आहे ते सरकारी केंद्रातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याबद्दल. त्याच्याकडची गोळी मोफत आहे. एक बाटली जास्त गेल्याने त्याला कमिशन मिळत नाही, कमी गेल्याने पगार कापला जात नाही. कुंपण शेत खाईल ही भीती खाजगी काउंटरबाबत रास्त आहे. या खिडकीत खायला काही नाही.

कायदा आड येतो, असेही कुणी सांगू नये. फार्मसी कौन्सिलने २०१५ मध्ये काढलेल्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाशी काय बोलायचे याची यादीच आहे: औषध कसे घ्यायचे, दुष्परिणाम कोणते, इतर औषधांशी काय बिनसू शकते, कसे साठवायचे, मात्रा चुकली तर काय करायचे. मी मागतो ते या यादीबाहेर नाही. २००८ पासून फार्म.डीचे विद्यार्थी वॉर्डात फिरून हेच शिकतात. २०२० नंतरच्या डी.फार्म अभ्यासक्रमातही फार्माकोथेरप्युटिक्स आणि सोशल फार्मसी आली आहे. शिकवायचे, नियमांत लिहायचे आणि कामाची वेळ आली की "तुझे ते काम नव्हे" म्हणायचे, हा दुटप्पीपणा आहे.

चौथा आक्षेप तर पहिल्याच्या विरुद्ध जातो, आणि गंमत म्हणजे दोन्ही अनेकदा एकाच तोंडून ऐकू येतात. आजार इतका अवघड की फार्मासिस्टला झेपणार नाही, आणि गोळी इतकी सोपी की तिला फार्मासिस्ट लागणार नाही. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. गोळी सोपी आहे. १२ आठवडे चिकटून राहणे सोपे नाही. ८४ गोळ्या, २८ च्या तीन बाटल्या. दुसऱ्या बाटलीला माणूस ऊसतोडीला गेला, तिसरीच्या वेळी घरात लग्न निघाले, अंगात थोडी तरतरी आली म्हणून गोळी राहून गेली. मध्येच कुणीतरी सांगितले म्हणून काविळीची माळ घातली आणि काढा सुरू केला. कोण आले नाही हे सगळ्यात आधी कुणाला कळते? ज्याच्या कपाटात बाटली तशीच राहिली त्याला.

आणि शेवटची गोळी संपली म्हणजे उपचार संपला नाही. त्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू नाही हे तपासल्यावरच माणूस बरा झाला असे म्हणतात. नेमकी हीच तपासणी राहून जाते, कारण बरे वाटणारा माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. पुढे कधीतरी हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात, हिपॅटायटिस सीची (एचसीव्ही) अँटिबॉडी पॉझिटिव्ह येते, आणि बरा झालेला माणूस परत कोसळतो. अँटिबॉडी बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे राहते, तिच्यावरून आजार ठरत नाही, आणि नव्याने लागण मात्र होऊ शकते, कारण या आजाराला लस नाही: हे तीन मुद्दे शेवटची बाटली देताना कुणी सांगितले असते तर? ते सांगायला यकृततज्ज्ञ लागत नाही. वेळेवर सांगणारा माणूस लागतो.

मी काय मागत नाही तेही स्पष्ट करतो, कारण फार्मासिस्टांच्या बाजूनेही काही वेळा सुतावरून स्वर्ग गाठला जातो. कोपऱ्यावरच्या मेडिकलला हिपॅटायटिस सीची गोळी स्वतःहून लिहिण्याचा अधिकार द्या, असे मी म्हणत नाही. पोटात पाणी झालेला, शुद्ध हरपणारा, रक्ताची उलटी झालेला रुग्ण तज्ज्ञाचाच. पहिला उपचार फसलेला, गरोदर स्त्री, लहान मूल, सोबत हिपॅटायटिस बी असलेला, हेही वरच्या केंद्रातच. आणि सरकारनेही उगाच आशा धरू नये: शेकडोंच्या रांगेला एकटा तोंड देणारा, उरलेल्या वेळात साठ्याच्या नोंदी आणि 'ई-औषधी' या संगणक प्रणालीत एंट्री करणारा औषधनिर्माण अधिकारी नुसत्या परिपत्रकाने समुपदेशक होणार नाही. रिकामी पदे भरावी लागतील आणि खिडकीशेजारी बसून बोलायला एक टेबल द्यावे लागेल.

मागणी चार कलमांची आहे. पहिली बाटली देण्याआधी रुग्णाच्या सगळ्या चालू औषधांची यादी फार्मासिस्टने केसपेपरवर लिहावी आणि खाली सही करावी. यादीत गडबड दिसली तर बाटली थांबवून डॉक्टरला फोन करण्याचा त्याला लेखी अधिकार असावा, आणि त्याबद्दल कुणी त्याच्यावर डाफरू नये. ठरल्या दिवशी बाटली न नेणाऱ्यांची नावे त्याच आठवड्यात पाठपुराव्याला जावीत. आणि तिसऱ्या बाटलीसोबत पुढच्या रक्ततपासणीची तारीख कागदावर मिळावी. यात नवे यंत्र नाही, नवे औषध नाही, कायद्यात बदल नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी आहे. आपण २०३० पर्यंत तो संपवायचे ठरवले आहे. संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना उपचार तज्ज्ञांच्या पलीकडे नेऊन कामाची वाटणी करा असे सांगतात. तेव्हा ज्यांना फार्मासिस्ट नको आहे त्यांनी नुसते नको म्हणून चालणार नाही. पिशवीतली पॅन्टोप्राझोल कोण शोधणार, न नेलेल्या बाटलीची दखल कोण घेणार आणि बारा आठवड्यांनी रुग्णाला परत कोण बोलावणार, त्या माणसाचे पद सांगावे. आज या कामांपुढे कुणाचेच नाव नाही, आणि तोवर फार्मासिस्टला नकार देणे म्हणजे रुग्णाची सुरक्षितता नव्हे, नुसती हद्दीची राखण आहे.